नायट्रोजनच्या भांड्यातली लस

नमस्कार, पशुपालक मंडळी.

पाऊस सुरू झाला की काटोल असो वा उमरेड, गुरांच्या दवाखान्यात एक तक्रार ठरलेली असते. "साहेब, जर्सी चारा खाईना, अंग तापलंय, दूध आटलं." डॉक्टर आधी चाचपतात ती खांद्यापुढची गाठ. ती लिंबाएवढी फुगलेली असली की संशय जातो थायलेरियावर, म्हणजेच गोचीड तापावर.

हा आजार होतो थायलेरिया ॲन्युलाटा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे. हायलोमा जातीच्या गोचीडाच्या लाळेतून तो जनावराच्या अंगात शिरतो. आपली गवळाऊ गाय पिढ्यान् पिढ्या गोचीडांच्या संगतीत राहिलेली, तिला लागण झाली तरी ती बहुधा निभावून नेते. जर्सी-होल्स्टिनच्या संकरित गायीला मात्र ते जमत नाही. वेळेवर उपचार झाला नाही तर ती हातची जाते.

हा परजीवी आहे मोठा लबाड. जनावराच्या ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला मारायचं, त्यांच्यातच तो घर करतो. वर त्या पेशीला अशी काही फूस लावतो की ती कॅन्सरच्या पेशीसारखी वाढतच सुटते. पेशीचे दोन भाग झाले की दोन्हींत हा हजर! ब्युपार्व्हाक्वोन या औषधाने परजीवी मेला, की पेशीची ती बेफाम वाढही थांबते. कॅन्सरवर काम करणाऱ्या संशोधकांनाही याचं कुतूहल आहे ते त्यामुळेच. पण हे औषध महाग, आणि ट्युनिशिया, सुदान, इराणमध्ये त्याला दाद न देणारे थायलेरिया सापडले आहेत. म्हणून लस हवी.

इथे एक अडचण आली. लाळ्या-खुरकुताच्या लशीत विषाणू मारून टोचला तरी भागतं. इथे शत्रू पेशीच्या आत दडलेला. रक्तातल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचा, हात तिथवर पोहोचत नाही, ती बाधित पेशीच मारावी लागते. शरीराला हे शिकवायला जिवंत परजीवी लागतो, पण दात पाडलेला. त्यासाठी बाधित पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशा दीर्घकाळ. हळूहळू परजीवीचा रोग घडवण्याचा जोर ओसरतो, ओळख मात्र शाबूत राहते. आपल्या देशात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संशोधनातून अशी लस तयार झाली. हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ती 'रक्षावॅक-टी' नावाने बनवते. जिवंत पेशी न वापरता परजीवीच्या नुसत्या एखाद्या प्रथिनावर लस बेतण्याचे प्रयत्नही बरेच झाले. 2005 मध्ये या परजीवीचा पूर्ण जनुकीय नकाशा छापून आला, त्याने या शोधाला बळ मिळालं. तरी अशा लशींचं संरक्षण आजवर अर्धवटच ठरलंय.

जिवंत लशीचं दुखणं एकच, तिला लागणारी थंडी. पेशी जिवंत ठेवायच्या तर द्रव नायट्रोजन हवा, उणे 196 अंश! मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर, गावात वीज कधी येईल-जाईल याचा नेम नाही. तुम्ही म्हणाल, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. पण जरा आठवा, कृत्रिम रेतनाला येणाऱ्या माणसाच्या मोटारसायकलला काय लटकलेलं असतं? नायट्रोजनचंच भांडं, वळूचं वीर्य गोठवून ठेवलेलं. ज्या भांड्यातून संकरित वासरं गावात आली, त्याच प्रकारच्या भांड्यातून त्यांची लसही येऊ शकते. माझ्या मते या लशीचा प्रसार प्रयोगशाळेपेक्षा त्या भांड्यावर जास्त अडलाय. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

ही लस सहसा तीन महिन्यांवरच्या संकरित आणि विदेशी जनावरांना, आयुष्यात एकदा देतात. गाभण गायीचं मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

लस टोचली म्हणून गोचीड मोकळे सोडायचे नाहीत. गोचीडाने आणलेला बबेसिया, म्हणजे लाल लघवीचा आजार, या लशीने थांबत नाही. शिवाय हायलोमाची पिल्लं रक्त पिऊन खाली पडतात आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत लपून कात टाकतात. नुसतं गायीच्या अंगावर औषध मारून काय उपयोग? भेगा लिंपा, भिंती चुन्याने सारवा.

आणि हो, एका कुपीत एकाहून जास्त जनावरांची मात्रा असते, वितळवली की लगेच वापरावी लागते. एकट्याने दवाखान्यात जाऊन लस मागितली तर उरलेली मात्रा वाया जाणार. तेव्हा शेजारच्या गोठ्यांतली संकरित वासरं आधी मोजा, सगळ्यांची यादी एकत्र करा, मग दवाखान्यात नोंदवा. पावसाळ्याच्या बऱ्याच आधी, उन्हाळ्यातच.

नमस्कार.