कास्टेल देल मोन्ते: छपरावरचं पाणी

(दृश्य: ड्रोन, सकाळचं ऊन)

दक्षिण इटलीतला पुलिया प्रांत. समुद्रसपाटीपासून ५४० मीटर उंचीवरच्या टेकडीवर बसलेला हा कास्टेल देल मोन्ते. आकाशातून आधी दिसतो तो आठाचा खेळ. अष्टकोनी इमारत, पोटात अष्टकोनी चौक, कोपऱ्यांवर आठ बुरुज आणि तेही अष्टकोनीच. मजले दोन, प्रत्येकावर आठ दालनं.

पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या २९ जानेवारी १२४० च्या हुकुमात या बांधकामाचा उल्लेख सापडतो. आठच का, यावर ज्योतिषापासून गुप्त विद्येपर्यंत सगळं लिहून झालंय. ते राहू द्या. छपराकडे बघा.

(दृश्य: भोवतालचं पठार, मग छप्पर)

हे मुर्जेचं पठार, चुनखडीचं. पाऊस पडतो आणि भेगांतून थेट खाली उतरतो. वर ना नदी, ना ओढा. मग प्यायचं काय? छपरावर पडेल ते. ते पाणी काही बुरुजांतल्या टाक्यांत साठायचं, उरलेलं चौकाखाली खडकात खोदलेल्या टाक्यात. आपल्या गडांवर भटकणाऱ्याला कातळातलं टाकं नवं नाही. पण इथे बुरुजांमध्ये शौचकूप आहेत, आणि त्यांनाही हेच पावसाचं पाणी. तेराव्या शतकात!

(दृश्य: पूर्वेचा दरवाजा)

दरवाजा मात्र मिरवायचाच. तांबूस दगड, दोन्ही बाजूंना सिंह, माथ्यावर रोमन देवळासारखा त्रिकोण आणि त्याखाली टोकदार गॉथिक कमान. वरून खाली सोडायच्या जाळीच्या दरवाजाची खाचही आहे. खंदक नाही. म्हणून याला किल्ला म्हणावं की ससाणे उडवणाऱ्या राजाचा वाडा, हा वाद अजून मिटलेला नाही.

(दृश्य: वरचा मजला)

वरच्या खिडक्या दुहेरी कमानींच्या. तिहेरी एकच, आंद्रिया शहराकडे तोंड केलेली.

१२५० मध्ये फ्रेडरिक गेला. १२६६ मध्ये अँजू या फ्रेंच घराण्यातल्या चार्ल्सने फ्रेडरिकचा मुलगा मॅनफ्रेड याला लढाईत संपवलं आणि मॅनफ्रेडच्या मुलांना इथेच कोंडलं. पुढे वाडा ओस पडला, संगमरवर लोकांनी उपटून नेला. १८७६ मध्ये सरकारने तो विकत घेतला, १९९६ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं.

(दृश्य: तळहातावर नाणं)

इटलीच्या एक सेंटच्या नाण्यावर हाच वाडा आहे. समोरून काढलेला. छप्पर त्यात दिसत नाही.