आज काय आलंय?

[काळोख. लाटांचा आवाज. लांब एक दिवा हलतोय.]

दिवा अजून बराच लांब आहे. पण वाळूवर थांबलेल्या बायकांना होडी कुणाची ते कळलंय. ती पाण्यात किती खाली बसून येतेय, यावरून जाळ्याला काय लागलंय याचा अंदाजही बांधून झालाय. टोपल्या पुढे सरकतात. होडीचा तळ वाळूला घासतो आणि चार-पाच तोंडांतून एकच प्रश्न निघतो.

"आज काय आलंय?"

किनाऱ्यावर राहणारा माणूस मासळी घ्यायला निघतो, तो हा प्रश्न घेऊन. बाहेरून आलेला माणूस निघतो, तो एखाद्या माशाचं नाव मनात धरून. गाव कोणतं, देश कोणता, हे आम्ही मुद्दामच सांगत नाही. लहान होड्या जिथे जिथे सकाळी किनाऱ्याला लागतात, तिथे हा प्रश्न ऐकू येतो.

[उजाडलंय. एका बाईचे हात, अगदी जवळून.]

या हातांकडे नीट बघा.

अंगठ्याने कल्ला उचलला. आत लालभडक, ओला, नुकत्याच कापलेल्या कलिंगडासारखा. तपकिरी आणि चिकट असता, तर हा मासा टोपलीत गेलाच नसता. मग डोळा. फुगीर, काळाभोर, काचेसारखा. शिळ्या माशाचा डोळा खोल जातो आणि त्यावर दुधाळ पडदा धरतो. मग पाठीवर बोट दाबलं. बोट उचललं आणि खळगा लगेच भरून आला. शेवटी डोक्याकडे धरून मासा आडवा उचलला. शेपूट लोंबली नाही, फळीसारखी सरळ राहिली.

सगळं मिळून चार-पाच सेकंद. यातलं काहीही तिला मोजून करावं लागत नाही.

आणि मग तिने मासा नाकाशी नेला. ही गोष्ट आपल्यासारख्यांना सगळ्यात उशिरा कळते: ताज्या माशाला माशाचा वास येत नाही. समुद्राचा येतो, आणि त्यात मिसळलेला हिरवा, चुरडलेल्या पानासारखा वास येतो. ही कल्पना नव्हे. माशाच्या कातडीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, तिथल्या स्निग्ध पदार्थांचे तुकडे करतात, आणि पान चुरडल्यावर जे सुगंधी रेणू सुटतात तशाच जातीचे रेणू इथेही सुटतात. काही तासांत हा वास उडून जातो. म्हणून तो फक्त किनाऱ्यावरच्या माणसाच्या ओळखीचा.

[पाण्याखालचं दृश्य. मंद उजेड, माशांचा थवा.]

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पेशीच्या आत इतकं मीठ चालत नाही. मग बाहेरच्या खारटपणाला तोल कसा द्यायचा? समुद्रातले जीव त्यासाठी पेशींमध्ये दुसरेच पदार्थ साठवून ठेवतात. त्यातलं एक म्हणजे ग्लायसिन, चवीला गोडसर असलेलं अमिनो आम्ल. कोळंबी, खेकडा, शिंपले यांच्यात ते भरपूर असतं. ताज्या कोळंबीत जो गोडवा लागतो, तो खाऱ्या पाण्यात तगून राहण्याच्या या धडपडीतून आलेला असतो.

दुसरा साठवलेला पदार्थ म्हणजे ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड. याला स्वतःचा वास नाही. पण मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथिलअमाइनमध्ये करतात, आणि बाजारात शिरल्या शिरल्या नाकात बसतो तो वास हाच. लिंबू किंवा दुसरं आंबट काही लावलं की हा वास दबतो, कारण आम्लामुळे तो रेणू हवेत उडायचा थांबतो. जगभर माशाशेजारी आंबट पदार्थ ठेवतात तो असा. पण वास लपवण्यासाठी लिंबू लागतं तेव्हा मासा उशीर करून आलेला असतो. ताज्या माशावरचं लिंबू फक्त चवीचं.

[होडीत जाळं ओढलं जातंय. माणसांचे दबके आवाज.]

ताजेपणा आणि नुकताच पकडलेला मासा, या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. इथे थोडं थांबायला हवं.

मासा मेला की स्नायूंत साठलेली ऊर्जा हळूहळू मोडत जाते. मोडता मोडता एका टप्प्यावर इनोसिनेट तयार होतं. हा पदार्थ चवीला इतका भरीव, की जिभेला तो वेगळा कळतो. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळात अशी एक चव शोधून तिला उमामी नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं. म्हणजे माशाची चव भरायला काही तास लागतात. पुढे तेच इनोसिनेट मोडत जातं आणि शेवटी कडवट पदार्थ मागे उरतो. चवीची वेळ या दोहोंच्या मधे.

मधल्या काळात मासा ताठरतो. त्या ताठरलेल्या अवस्थेत त्याचे तुकडे केले, तर मांस आकसतं, फाटतं. इथले जुने लोक म्हणतात, "ताठ असताना सुरी लावू नका." त्यामागे शरीराचा हा नियम आहे.

जाळ्यात तासन् तास धडपडून मेलेला मासा आणि वर काढताच झटकन मारलेला मासा, यांच्या मांसातही फरक पडतो. धडपडीत त्याची साठवलेली ऊर्जा संपते, मांस आम्लधर्मी होतं, ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो. जपानी कोळ्यांनी यावरून एक पद्धतच घडवली: इकेजिमे. माशाच्या मेंदूत टोकदार सळई, मग रक्त वाहू देणं, मग कण्यातून तार फिरवून मज्जारज्जू निकामी करणं. ऐकायला कठोर वाटतं. प्रत्यक्षात माशाचे हाल यात कमी होतात, आणि चवीची वेळ लांबते.

[बर्फाची लादी फुटते. आवाज.]

हा आवाज मला होडीच्या इंजिनापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

गायीम्हशींच्या अंगावरचे जिवाणू उबेला सरावलेले असतात, फ्रिजच्या थंडीत ते सुस्तावतात. थंड समुद्रातल्या माशांच्या अंगावरचे जिवाणू मुळातच गारव्यात वाढलेले. त्यांना फ्रिज म्हणजे जवळपास घरच. माशाला बर्फच लागतो, शून्य अंशाचा, आणि वितळणारा. वितळताना बर्फ उष्णता ओढून घेतो आणि त्याचं पाणी अंगावरची बुळबुळ धुऊन नेतं. फक्त पाणी खाली निघून जायला वाट हवी, नाहीतर मासा त्याच घाणीत भिजत राहतो. उष्ण प्रदेशात जितकी मासळी तितकाच बर्फ, असा साधा हिशोब सांगतात. लहान होडीत निम्मी जागा बर्फाला द्यायची म्हणजे निम्म्या मासळीवर पाणी सोडायची तयारी ठेवायची. जो कोळी हे करतो, त्याच्याकडे दोन पैसे जास्त मोजताना घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं.

काही माशांत तर बर्फाची चालढकल थेट अंगाशी येते. बांगडा, तारली, ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं. मासा उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. आणि हे विष शिजवून जात नाही. मासा आधी गार ठेवलेला असणं, एवढाच त्यावर इलाज.

[ओहोटी. उघडे पडलेले खडक. शिंपले वेचणारे हात.]

पाणी मागे हटलं की किनाऱ्यावर दुसरी माणसं दिसू लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला ओहोटी सर्वांत खोल जाते, एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. वाकलेल्या पाठी, हातात सुरी किंवा आकडी, कमरेला पिशवी. मोठी माणसं आणि मुलंही.

शिंपल्याची परीक्षा एकच: तो जिवंत आहे का? उघडा दिसला तर दुसऱ्यावर आपटून बघायचा. मिटला तर घ्यायचा. मिटला नाही तर टाकून द्यायचा, विचार करत बसायचं नाही. खेकडा हातात तोलून बघतात. दिसायला मोठा पण वजनाला हलका, म्हणजे नुकतीच कात टाकलेली, कवच नवं, आत मांस कमी आणि पाणी जास्त.

शिंपले, कालवं पाणी गाळून जगतात. अनुकूल परिस्थितीत एक वाढलेलं कालव दिवसाला शंभराहून जास्त लिटर पाणी गाळू शकतं. त्या पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. म्हणून गावातले लोक गटाराच्या तोंडाशी वेचत नाहीत, आणि समुद्राला तांबडा रंग चढला की खडकांवर पाऊलच ठेवत नाहीत. काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यात उतरतं आणि उकळूनही ते निघत नाही. स्थानिकांनी "आज नको" म्हटलं, की ऐकावं.

[चूल. तापलेलं भांडं.]

स्वयंपाकाबद्दल थोडंच. कारण करायचं थोडंच असतं.

मासा पाण्यात तरंगतो, जनावराला चार पायांवर अंग पेलावं लागतं. त्यामुळे माशाच्या मांसात चिवट धागे फार कमी, आणि जे असतात ते थोड्याच उष्णतेत विरघळतात. मांस पातळ पदरांत रचलेलं. मीठ, तेल, विस्तव. काचेसारखं दिसणारं मांस पांढरं होऊन पदर सुटायला लागले, की भांडं उतरवायचं. याच्यापुढे प्रत्येक मिनिट नुकसानीचं. या घरातली आजी झाकण अर्ध्यावर काढते, काट्याजवळचं मांस चमच्याच्या टोकाने किंचित सरकवते, बघते, आणि काही न बोलता आच बंद करते.

[बाजार. एका कोपऱ्यात लहान, मिश्र मासळीचा ढीग.]

आता या ढिगाकडे बघा. आलेला पाहुणा याच्यासमोरून पुढे गेला. त्याला ठरावीक मासा हवा होता, तो आज आला नाही. मग कुठून तरी तीन दिवसांपूर्वीचा, गोठवलेला मासा आणून त्याच्या ताटात पडेल. समुद्रासमोर बसून तो दुसऱ्या समुद्रातला मासा खाईल. आणि आज पहाटेचे हे लहान मासे कमी भावात जातील. काटे जास्त म्हणून, नाव ओळखीचं नाही म्हणून.

एकाच माशामागे लागल्याने काय होतं, ते जगाने एकदा पाहिलंय. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या समुद्रात शतकानुशतकं कॉड पकडला जात होता. तो कधी संपेल असं कुणाला वाटलं नव्हतं. जुलै १९९२ मध्ये सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. किनाऱ्यावरची गावंच्या गावं रिकामी होत गेली.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशोबाने १९७४ मध्ये जगातल्या समुद्री माशांच्या साठ्यांपैकी सुमारे १० टक्के साठ्यांवर मर्यादेबाहेर मासेमारी होत होती. २०२१ मध्ये हा आकडा ३७.७ टक्क्यांवर गेला. त्याच संघटनेचं म्हणणं असंही आहे, की जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी किमान ४० टक्के लहान मच्छीमारांच्या हातून येते, आणि लहान मासेमारीच्या या सगळ्या कामात, पकडण्यापासून विकण्यापर्यंत, दहातल्या चार बायका आहेत. सुरुवातीला वाळूवर दिसल्या, त्या याच.

अंड्यावर आलेली मादी दिसली की यातली एक बाई ती बाजूला ठेवते. विणीचा हंगाम सुरू झाला की होड्या वर ओढल्या जातात, आणि त्या दिवसांत घरात सुकवलेली मासळी शिजते. समुद्रकाठी राहूनही काही दिवस ताजा मासा न खाणं, हेही इथल्या खाण्यात येतं.

[दुपार. बाकावर बसलेले लोक. मधे एक मोठं ताट.]

पाहुणा परत आलाय. आजीने त्याला बसवून घेतलंय. ताटात तेच लहान मासे, डोक्या-शेपटीसकट. तो गोंधळलाय, काटे कुठून काढायचे कळत नाही. आजी त्याच्या हातातून मासा घेते, शेपटीजवळ दोन बोटांनी चिमटा धरते, कणा वर उचलते. कणा सरसर सुटून येतो, डोक्यासकट, अखंड. दोन्ही बाजूंना मांस तसंच राहतं, अजून वाफाळतं.

तो खातो. मग दुसरा मासा स्वतः उचलतो. पहिल्यांदा कणा मधेच तुटतो. आजी हसते, म्हणते, "सावकाश. मासा कुठे पळत नाही आता." तिसऱ्याला जमतं.

थोड्या वेळाने तो विचारतो, "याचं नाव काय?" आजी सांगते. लाटांच्या आवाजात ते नीट ऐकू येत नाही, आणि तो पुन्हा विचारतही नाही. तोंडात घास आहे.

[संध्याकाळ. वाळूवर उपड्या घातलेल्या, धुतलेल्या टोपल्या.]

बर्फाची खोकी होडीत चढवलीत. जाळं घडी घालून ठेवलंय, फाटलेली जागा दुपारीच शिवून झालीय. चार माणसांनी खांदा लावलाय, पाचवा पाण्यात उभा राहून लाट येण्याची वाट बघतोय. लाट येते. होडी वाळू सोडते.

पाहुणा चपला हातात घेऊन काठावर उभा आहे. किती वाजता परत येतात, हे त्याने कुणाला तरी विचारून ठेवलंय.