मागच्या पानाचे मालक

साप्ताहिक काढतो म्हटलं की आपल्या संभाजीनगरात पहिला प्रश्न येतो, ‘कुणाचं?’ काय छापता, हे नंतर. पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही. छपाईचं बिल कोण भरतो यावर अंक ठरतो, हे लोकांना बरोबर कळतं.

आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. निजाम सरकारनं बंदी घातली की अंक नाव बदलून निघायचा. त्यांना ‘कुणाचं?’ कुणी विचारलं नसेल. आज बंदी घालायची गरजच उरली नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस, २६ जानेवारी, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिदिन आणि दिवाळी, एवढ्या जाहिरातींवर वर्ष निघतं. मधल्या आठवड्यांत फायलीपुरते, म्हणजे नोंदीला दाखवण्यापुरते मोजके अंक छापायचे. मीही छापलेत, खोटं कशाला बोलू? ज्याचं शुभेच्छांचं पान परवा लावलं, त्याच्या वॉर्डातल्या कोरड्या नळावर लिहिताना हात आखडतोच.

न्यूयॉर्कला १९५५ साली ‘व्हिलेज व्हॉइस’ हे साप्ताहिक सुरू झालं. शहराचं राजकारण, छोट्या रंगमंचावरची नाटकं, गाणं-बजावणं, असा सगळा ऐवज. त्यातल्या बातम्यांचं कौतुक पुष्कळ होतं, व्हावंही. मला मात्र त्याची मागची पानं जास्त शिकवून गेली. भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती आधी हाती लागाव्यात म्हणून लोक अंक यायच्या आधीच स्टॉलवर जाऊन थांबत. म्हणजे खोली शोधणारा आणि खोली देणारा, असे हजारो किरकोळ मालक. त्यातला एखादा रुसला तरी संपादकाचं काय बिघडणार? १९९६पासून तर त्या शहरात अंक फुकट वाटायला लागले. पुढं या छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि २०१७ मध्ये आठवड्याचा छापील अंक थांबला.

आम्हीही एक पान करून पाहिलं होतं. परभणी, बीड, हिंगोलीहून स्पर्धा परीक्षांसाठी पोरं येतात. त्यांना खोली लागते, मेस लागते, जुनी पुस्तकं लागतात. ओळीला दहा रुपये. पैसा फार नव्हता, आणि वसुलीला माझीच चप्पल झिजायची. त्याच पानावर, कोणत्या भागात नळाला कधी पाणी येणार ते छापायचो. जायकवाडीसारखं धरण उशाला, आणि पाण्याची वाट मात्र आठ-आठ दिवस, हे तुम्हाला मी काय सांगावं!

औरंगपुऱ्याकडच्या एक मेसवाल्या मावशी एकदा तावातावानं ऑफिसात आल्या. मला वाटलं, फोन नंबर चुकला. तर म्हणाल्या, “भाऊ, माझी जाहिरात वर कशाला टाकली? त्या पाण्याच्या चौकटीला लागून टाका. पोरं तेवढीच कापून भिंतीला चिकटवतात.”

दुसऱ्या आठवड्यात त्या जागेसाठी चार मेसवाले आले.