गुरं किती, ते विचारायचं नाही

श्रोतेहो, नमस्कार. आज जरा लांब जाऊ. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यात चेरी नावाची काउंटी आहे. आकारानं जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, आणि वस्ती? साडेपाच हजारांच्या आसपास! बाकी सगळं गवत आणि गुरं.

२०२०च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे तिकडचे मोठमोठे कत्तलखाने बंद पडले. विकायला तयार झालेलं जनावर जागच्या जागी उभं, त्याचं खाणं चालूच, आणि भाव कोसळलेले. तेव्हा सरकारनं १९ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना आणि गुरं पाळणाऱ्या रँचरांना. १६ एप्रिलच्या आधी विकलेल्या जनावरांचे दर वेगळे, ते सोडा. न विकलेल्यांचं ऐका. १६ एप्रिल ते १४ मे, या काळात ज्या दिवशी सर्वांत जास्त गुरं होती, तो आकडा धरायचा. जनावरामागे ३३ डॉलर. पुन्हा सांगतो, सर्वांत जास्त गुरं होती त्या दिवसाचा आकडा, आणि जनावरामागे ३३ डॉलर.

आता गोष्ट. माझा मावसभाऊ नेब्रास्कात असतो, त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या रँचरची. त्या मुलखात रीत अशी, की कुणाला ‘तुझी गुरं किती?’ म्हणून विचारायचं नाही. पासबुक दाखव म्हणण्यासारखंच ते. या गृहस्थानं जन्मभर शेजाऱ्यालाही आकडा कळू दिला नव्हता, आणि मदत मिळायची ती नेमकी आकड्यावर!

कचेऱ्यांत जायची सोय नाही, सगळं काम फोनवर. तिकडच्या बाईंनी नाव-पत्ता घेतला आणि विचारलं, गुरं किती? म्हाताऱ्यानं सुनेला बाहेर पाठवलं, नातीला पाठवलं, माझ्या भावाला ओट्यावर बसवलं. दार लावलं. मग शर्टाच्या खिशातली छोटी वही काढली. कोणती गाय कधी व्याली, सगळं तिच्यात पेन्सिलीनं लिहिलेलं. हळूच आकडा सांगितला.

‘ऐकू येत नाही.’

पुन्हा सांगितला.

‘जरा मोठ्यानं सांगता का?’

मग म्हातारा असा ओरडला, की आकडा पार कुंपणापर्यंत गेला! आणि खिडकीतून सून विचारते, ‘बाबा, वासरं धरलीत का?’

धरली नव्हती. परवा जन्मलेलं वासरूही जनावरच, त्याचेही ३३ डॉलर. पुन्हा फोन, पुन्हा ओरडा!

पुरावा आधी मागितला नाही बरं का. सांगाल तो आकडा खरा, तपासणी झाली तर वही दाखवा. आपल्याकडे त्याच एप्रिलात पीएम-किसानचे २,००० रुपये खात्यात आले, पण सातबारा असलेल्यांच्याच. शंभर मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या, गुंठाभर जमीन नसलेल्या मेंढपाळाला त्यातून काय मिळालं? काही नाही. त्याच्या मेंढ्या मोजायला काय हरकत होती? असो.

सप्टेंबरात तिकडे दुसरी फेरी आली. या वेळी जनावरामागे ५५ डॉलर, पण पैदाशीच्या गाई वगळून. गाय वगळली, वासरू धरलं! म्हातारा चिडला, पण अर्ज केला. या वेळी ईमेलनं. टाइप नातीनं केलं. आकड्याची जागा आली, तेव्हा मात्र तिला उठवून तो स्वतः खुर्चीत बसला.