पन्नासची सरासरी, तरी नंबर दोन

नमस्कार मंडळी. आज बास्केटबॉलवर बोलायचंय, आणि त्यातल्या त्या कधी न मिटणाऱ्या वादावर, की सगळ्यात भारी प्लेअर कोण? मायकल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स? मग मागून कोणीतरी करीम अब्दुल-जब्बारचं नाव घेतं, एखादा जुना जाणता बसलेला असेल तर तो रसेल म्हणतो, आणि मग सगळे मोबाईल काढून आकडे वाचायला लागतात. आपल्याकडे गावसकर की सचिन यावर जसं जुंपतं ना, अगदी तसंच. मी पण या वादात पडतो, हौसेनं पडतो, पण माझं एक म्हणणं आहे. वेगवेगळ्या काळातली दोन माणसं शेजारी उभी करायच्या आधी, त्यांच्यासोबत जे खेळले त्यांनी त्यांना काय मानलं ते बघा. स्कोअरशीट नंतर बघू.

एकच सीझन घेऊ, १९६१-६२ चा. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, तेव्हा नऊ टीम. फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून विल्ट चेंबरलेन खेळायचा, सात फुटाच्या वर उंची, आणि त्या सीझनची त्याची सरासरी होती मॅचला ५०.४ पॉइंट. परत सांगतो, पन्नास पॉइंट चार. मॅच असते ४८ मिनिटांची आणि हा सरासरी साडेअठ्ठेचाळीस मिनिटं खेळला, म्हणजे ओव्हरटाइम धरून मॅचच्या वेळेपेक्षा जास्त! अख्ख्या सीझनमध्ये फक्त आठ मिनिटं तो कोर्टच्या बाहेर होता, ती पण रेफ्रीनं हाकलला म्हणून. आणि २ मार्च १९६२ ला हर्शी नावाच्या गावात, हो तेच चॉकलेटवालं हर्शी, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्यानं १०० पॉइंट केले. प्रेक्षक किती, तर ४,१२४. टीव्ही नाही, फिल्म नाही, काहीच नाही. उरलंय ते रेडिओचं चौथ्या क्वार्टरचं रेकॉर्डिंग, आणि आपण रेडिओवालेच असल्यामुळे हे सांगताना मला जरा जास्तच बरं वाटतंय.

त्या मॅचची गंमत म्हणजे शेवटी शेवटी निक्सवाले विल्टकडे बॉल जाऊ नये म्हणून त्याच्या टीममधल्या बाकीच्यांना मुद्दाम फाउल करत होते, आणि वॉरियर्स उलट निक्सना फाउल करत होते, का तर बॉल लवकर परत मिळावा आणि विल्टला द्यावा. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोफत शॉट, त्या बाबतीत हा माणूस आयुष्यभर कच्चा, करिअरमध्ये जेमतेम निम्मे गेले असतील, पण त्या रात्री ३२ पैकी २८ टाकले.

आता त्याच सीझनमध्ये ऑस्कर रॉबर्टसननं अख्ख्या वर्षाचा ट्रिपल डबल केला, म्हणजे तीन गोष्टींत सरासरी दहाच्या वर, ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणं), ११.४ असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो). आणि लेकर्सचा एल्जिन बेलर तर आर्मीच्या ड्युटीवर होता, सुट्टी मिळाली की यायचं, खेळायचं, परत जायचं, असं करून ४८ मॅच खेळला आणि सरासरी ३८ च्या वर. मग सांगा, त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा प्लेअर, कोण?

बिल रसेल. बोस्टन सेल्टिक्सचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, पॉइंट मॅचला एकोणीसच्या आसपास.

मला इथेच खरी मजा वाटते. तेव्हा एमव्हीपीचं मत प्लेअर द्यायचे. रिपोर्टर लोक वर्षातल्या बेस्ट प्लेअरची टीम निवडायचे, तर त्यांनी पहिल्या टीममध्ये सेंटर म्हणून विल्टला घेतलं आणि रसेलला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. आणि जे रोज या दोघांशी धडक घेत होते त्यांनी रसेलला एक नंबर दिला, विल्टला दोन. प्रेस बॉक्समधून एक दिसलं आणि कोर्टवरून दुसरं. मी कोर्टवाल्यांचं ऐकतो.

कारण काय, तर रसेलचं निम्मं काम कोणी लिहूनच ठेवत नव्हतं. ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट हातानं अडवणं, आणि स्टील, म्हणजे बॉल हिसकावणं, हे मोजायला एनबीएनं सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, आणि रसेल रिटायर झाला १९६९ ला. ज्या माणसानं ब्लॉकला शस्त्र बनवलं, म्हणजे बॉल प्रेक्षकात न भिरकावता हळूच टॅप करून आपल्याच माणसाकडे द्यायचा की लगेच फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट उलटा हल्ला, सुरू, त्या माणसाच्या नावापुढे ब्लॉकचा रकानाच रिकामा. फायनल्सचा एमव्हीपी पण १९६९ पासून द्यायला लागले, म्हणजे त्याच्या अगदी शेवटच्या वर्षी, आणि तो मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला! तेरा सीझनमध्ये अकरा टायटल, त्यातली शेवटची दोन स्वतः कोच असताना, आणि फायनल्स एमव्हीपी शून्य. २००९ पासून त्या ट्रॉफीलाच रसेलचं नाव आहे, ते सोडा.



बरं, विल्टचे आकडे खोटे होते का? अजिबात नाही, पण त्या काळात गेम प्रचंड फास्ट होता. एका टीमचे मॅचला १०७ च्या आसपास शॉट व्हायचे, आता नव्वदच्या घरात होतात, आणि शॉट चुकायचे पण जास्त, म्हणजे रिबाउंडचा नुसता पाऊस. तरी नुसतं स्पीडवर ढकलून चालणार नाही हं, कारण त्याच स्पीडला बाकी कोणाला पन्नास जमले नाहीत. विल्टमुळे १९६४ ला बास्केटखालची ती पट्टी बारा फुटांवरून सोळा फूट रुंद केली, की बाबा तू जरा लांब उभा राहा. कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९६७ ला डंकवर, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी आली, ती करीममुळेच असं तेव्हा सगळे म्हणायचे, आणि करीमनं काय केलं तर स्कायहुक, म्हणजे डोक्यावरून एका हातानं टाकायचा शॉट, इतका घोटला की वीस वर्षं कोणाला थांबवता आला नाही. करिअरचे ३८,३८७ पॉइंट, आणि त्यात थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन पॉइंटचे शॉट, किती? एक. फक्त एक. थ्रीची लाइनच १९७९ ला आली, पहिल्या सीझनला टीम मॅचमध्ये तीन सुद्धा मारत नव्हत्या, आणि पुढे २०१५-१६ ला स्टीफन करीनं एकट्यानं ४०२ घातले. त्यामुळे कोणी करीम आणि करीची शूटिंग टक्केवारी शेजारी ठेवली की मी चहा आणायला उठतो.

जॉर्डन-लेब्रॉनचं पण तेच. जॉर्डनवाले म्हणतात आमच्या वेळी डिफेंडर हात लावून रोखायचे, २००४ नंतर ते कडक बंद झालं, आता काय सोपंय. बरोबर. पण जॉर्डनच्या ऐन भरात झोन डिफेन्सला, म्हणजे एकेका माणसामागे न जाता जागा अडवून उभं राहायला, परवानगी नव्हती हे ते सांगत नाहीत, ती २००१ ला आली, म्हणजे लेब्रॉनला पहिल्या दिवसापासून पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या त्या पट्टीत, गर्दी. दोघांना काही सोपं मिळालं, काही अवघड. १९८८ ला जॉर्डन एमव्हीपी पण आणि बेस्ट डिफेंडर पण, त्याच वर्षी स्कोअरिंगमध्ये पहिला, म्हणून एका सीझनचा विचार केला तर मी त्याला मानतो. लेब्रॉन २००३ ला शाळेतून थेट आला, फेब्रुवारी २०२३ ला एकूण पॉइंटमध्ये करीमला मागे टाकलं, मार्च २०२४ ला चाळीस हजार पॉइंट, आणि त्याच वर्षी स्वतःच्या मुलासोबत एका टीममधून खेळला, तर लांबच्या पल्ल्यात त्याला तोड नाही.

पण एकच मॅच जिंकायचीय आणि एकच माणूस निवडायचाय तर मी रसेल घेतो. परत १९६२ वर येऊ. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, जिथे सातपैकी चार मॅच जिंकायच्या असतात, सेल्टिक्सनं आधी विल्टची टीम सातव्या मॅचमध्ये दोन पॉइंटनं हरवली. मग फायनल्सला लेकर्स, तिथे पाचव्या मॅचला बेलरनं ६१ मारले, फायनल्समध्ये तेवढे आजपर्यंत कोणी मारले नाहीत, आणि परत सातवी मॅच. स्कोअर बरोबरीत, शेवटच्या क्षणी लेकर्सच्या फ्रँक सेल्वीचा शॉट रिंगला लागून बाहेर, ओव्हरटाइम, सेल्टिक्स ११०, लेकर्स १०७. रसेलचे ३० पॉइंट आणि ४० रिबाउंड. करिअरमध्ये अशा दहा सातव्या मॅच खेळला, दहाही जिंकल्या.

आता तुमच्यातले काही म्हणतील, नऊ टीममध्ये जिंकलास त्यात काय, आता तीस आहेत. मुद्दा चांगलाय. पण नऊ टीम म्हणजे वर्षातून दहा-दहा वेळा विल्टच्या समोर उभं राहायचं, वर प्लेऑफ वेगळे. दोघं समोरासमोर आले ते जवळपास दीडशे वेळा, आणि त्यातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त मॅच रसेलच्या टीमनं घेतल्या.