दोन अँपिअरची तार: अँप्लिफायरचा फ्यूज बदलताना

(भिंगाखाली काचेचा फ्यूज)

लांबी २० मिलिमीटर, जाडी ५. धातूच्या टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली आहेत: टी २ ए एल २५० व्ही. टी म्हणजे सावकाश उडणारा. २ ए म्हणजे दोन अँपिअर. एल म्हणजे मोठा शॉर्ट तोडण्याची क्षमता मर्यादित, आणि शेवटी व्होल्टेज. दुकानात नुसतं 'दोन अँपिअरचा द्या' म्हटलं, की बाकीची सगळी माहिती काउंटरवरच राहते.

आता तारेच्या मधोमध पाहा, कथिलाचा थेंब आहे. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, कथिलाला २३२ पुरतात. लोड थोडाच जास्त असला, पण बराच वेळ टिकला, तर थेंब वितळतो आणि तारेच्या धातूत मुरतो. तिथे तार कमी तापमानालाच तुटते. मेटकाफ यांनी १९३९ मध्ये हा परिणाम मांडला. क्षणभराचा झटका मात्र हाच थेंब सोसतो.

अँप्लिफायरला हा गुण हवाच. स्विच दाबताना कंडेन्सर रिकामे असतात, टोरॉइडचा (कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरचा) गाभा संपृक्त होऊ शकतो, आणि पहिल्या एक-दोन आवर्तनांत नेहमीच्या कित्येक पट करंट ओढला जातो. आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दहापट करंटला एफ (झटपट उडणाऱ्या) जातीचा फ्यूज २० मिलिसेकंदांच्या आत उडायला हवा, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात. या टी जातीने निदान तेवढा वेळ तग धरायचा आणि ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटायचं. टीच्या जागी एफ बसवला, की अँप्लिफायर धडधाकट असूनही फ्यूज उडत राहतो. मग कुणीतरी पाच अँपिअरचा घालतं.

(सोनेरी टोप्यांचा फ्यूज)

हा आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ कंपनीचा नसून वेगळा विकत घेऊन बसवायचा. चांदीची तार, सोन्याचा मुलामा, अंगावर दिशेचा बाण. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, साधा फ्यूज काही रुपयांत मिळतो, याला हजारो मोजावे लागतात. मेन्सचा करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, त्यामुळे बाणाला इथे काही काम नाही. रोधाचा हिशोब करून पाहू. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे १२ मिलिओहम. डीबीपासून (घरातल्या वितरण पेटीपासून) प्लगपर्यंत १० मीटर, जाऊन-येऊन २०, म्हणजे भिंतीतच जवळजवळ पाव ओहम. दोन अँपिअरच्या फ्यूजचा रोध ओहमच्या काही शतांशांइतका. तो निम्मा केला, तरी ट्रान्सफॉर्मरला फरक कळत नाही.

एक जागा मात्र वेगळी आहे: स्पीकरच्या लाइनमधला फ्यूज. खालच्या सुरांत तार प्रत्येक आवर्तनाला तापते, निवते, तिचा रोध हलतो आणि आवाजातली विकृती खरोखर मोजता येते. त्यावर उपाय रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा), महागड्या तारेचा नाही.

फ्यूज बदलल्यावर आवाज मोकळा वाटतो असं अनेकजण मनापासून सांगतात. आधी होल्डर बघा.

(काळवंडलेल्या क्लिपा)

हा थर गंजाचा आहे. क्लिपेची स्प्रिंगही सैल पडली आहे. फ्यूज काढून घालताना थर खरवडला जातो आणि संपर्क सुधारतो. जुनाच फ्यूज पुन्हा बसवला, तरी हेच होईल. म्हणून आधी प्लग काढा. कंडेन्सरवर १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर मिनिटभर धरा आणि व्होल्टेज शून्याजवळ आल्याचं मीटरवर पाहा. (१०,००० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर ४५ व्होल्टवर असेल, तर एवढा वेळ पुरतो.) कापडाच्या पट्टीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून क्लिपा पुसा, नोज प्लायरने हलकेच आवळा. पॉलिश पेपर नको, मुलामा निघून जातो.

मागच्या पॅनेलवर दोन आकडे असतील, ११५ व्होल्टला ४ अँपिअर आणि २३० ला २, तर आपल्याकडे २ चाच. अमेरिकेतून आणलेल्या सेटमध्ये ४ चा फ्यूज तसाच राहून गेलेला सापडतो. शिवाय अमेरिकी यूएल आणि आंतरराष्ट्रीय आयईसी या दोन मानकांचे आकडे सारखे नाहीत: आयईसीच्या या जातीचा फ्यूज दीडपट करंट तासभर झेलतो, यूएलचा १३५ टक्क्यांलाच तासाभरात तुटायला हवा. पॅनेलवर एच (मोठा शॉर्ट तोडण्याची जास्त क्षमता) लिहिलं असेल, तर एल चालणार नाही. मोठ्या शॉर्टमध्ये काच फुटू शकते. आणि मानकाची खूण नसलेला फ्यूज, मग तो सोन्याचा का असेना, मेन्सला लावू नये. वाइंडिंग जळतं, आगही लागते.

(सिरीज बोर्डवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत मध्ये जोडलेला, शंभर वॉटचा फिलामेंटचा दिवा)

नवा फ्यूज बसवल्यावर स्पीकर न जोडता अँप्लिफायर याच्यामार्फत चालू करा. दिवा क्षणभर पेटून मंदावला, तर ठीक. स्पीकर टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. दिवा तसाच लखलखत राहिला, तर ताबडतोब बंद करून ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तपासा. जुन्या फ्यूजची काच काळी-चंदेरी झाली असेल, तर शॉर्ट बहुधा तिथेच सापडेल.