मतदार कार्डावरचा फोटो

४ एप्रिल २०१४. अफगाणिस्तानातला खोस्त प्रांत, पाकिस्तानच्या सीमेला लागून असलेला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान आहे. मतपत्रिका घेऊन निघालेला ताफा तनी जिल्ह्याच्या सरकारी आवारात थांबलाय, भोवती पोलीस आणि सैनिकांचा पहारा. ताफ्यासोबतच्या एका गाडीत मागच्या सीटवर दोघी पत्रकार बसल्यात. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकार आन्या नीडरिंगहाउस आणि बातमीदार कॅथी गॅनन. ताफा हलायची वाट बघतायत. पहाऱ्यावरच्याच पोलिसांचा तुकडीप्रमुख गाडीपाशी येतो आणि गोळ्या झाडतो. आन्या जागीच गेल्या. कॅथी जबर जखमी झाल्या.

मतपेट्यांच्या मागे इतक्या आडवळणाला जायचं कशासाठी? कारण बाईचं मत खरंच बाईनं दिलं का, हे काबूलमध्ये बसून कळणारं नव्हतं.

१९६४ च्या राज्यघटनेनं अफगाण स्त्रियांना मताधिकार दिला. पुढच्याच वर्षी चौघी जणी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आल्या. मग सत्तापालट, युद्ध, तालिबान. पुन्हा मतदान आलं ते २००४ मध्ये. बायकांची केंद्रं वेगळी, अंगझडती घ्यायला बायका, नावं तपासायलाही बायकाच. आणि एक सवलत: मतदार कार्डावर बाईनं फोटो दिलाच पाहिजे असं नाही. परक्या पुरुषानं चेहरा पाहिलेला घरच्यांना चालणार नाही, फोटोची सक्ती केली तर कितीतरी जणींची नावं यादीत येणारच नाहीत, हे ओळखून दिलेली सवलत. ती देणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

पण बिनफोटोचं कार्ड कुणाच्याही हातात चालतं. जिथे केंद्रावर बसायला बाई मिळत नव्हती, तिथे घरातला कर्ता नाहीतर गावातला वजनदार माणूस बायकांची कार्डं गोळा करून मतं टाकून येई. आकडेवारीत बायकांचं मतदान झालेलं, आणि केंद्रावर एक बाई फिरकलेली नसे. असली चोरी उघड व्हायची तर कुणीतरी तिथवर जायला हवं, रांग डोळ्यांनी पाहायला हवी, घराघरातल्या बायकांशी बोलायला हवं. पुरुष बातमीदाराला त्या घरात प्रवेशच नाही. म्हणून बाई पत्रकार लागते.

२२ एप्रिल २०१८. काबूलमधल्या दश्त-ए-बर्चीत मतदार नोंदणी केंद्राबाहेर आत्मघाती स्फोट झाला. पन्नासहून अधिक माणसं गेली, त्यात बायका होत्या, मुलं होती. आठच दिवसांनी काबूलमध्ये आणखी एक स्फोट. बातमीदार धावत तिथे पोहोचले, आणि त्यांच्या घोळक्यात पत्रकार म्हणून शिरलेल्या दुसऱ्या हल्लेखोरानं स्वतःला उडवलं. नऊ पत्रकार एका जागी ठार झाले. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेचे काबूलमधले मुख्य छायाचित्रकार शाह मराई त्यांतले एक.

२०१९ मध्ये बनावट मतदान रोखायचं म्हणून प्रत्येक मतदाराचा फोटो काढायचं ठरलं. अफगाण महिला संघटना बजावत होत्या: यानं बायका घरी बसतील. अनेक जणी बसल्याच. चोरी केली पुरुषांनी, मत गेलं बायकांचं.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर २०२० मध्ये जलालाबादच्या एनिकास या टीव्ही वाहिनीच्या पत्रकार मलालाई मैवंद कामावर निघाल्या असताना त्यांना आणि त्यांच्या चालकाला गोळ्या घातल्या गेल्या. मार्च २०२१ मध्ये त्याच वाहिनीतल्या आणखी तिघी मारल्या गेल्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तालिबान सत्तेवर आलं आणि डिसेंबरात निवडणूक आयोगच बरखास्त झाला. मे २०२२ पासून बातम्या देणाऱ्या बायकांना पडद्यावर चेहरा झाकायची सक्ती झाली.

त्याच वर्षी झहरा नादेर या अफगाण पत्रकारानं कॅनडातून 'झन टाइम्स' हे वृत्तमाध्यम सुरू केलं. त्यासाठी अफगाणिस्तानात राहून बातम्या पाठवणाऱ्या मुली टोपणनावानं लिहितात. आपल्या बातमीखाली स्वतःचं नाव घालायची सोय त्यांना नाही. तरी शाळा बंद झालेल्या पोरींच्या, जबरदस्तीनं लावलेल्या लग्नांच्या आणि तुरुंगातल्या बायकांच्या बातम्या त्या पाठवत राहिल्या आहेत.